बॅकअप स्क्रिप्ट: पासवर्ड मेमरीतून पुसायचं काम कुठवर आलं

मंडळी, कोथरूडला घरी जुन्या लॅपटॉपचाच सर्व्हर केलाय. त्यावरची पायथन स्क्रिप्ट आता पासवर्ड विचारते, जीपीजीला (एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोग्रॅमला) देते आणि मेमरीतून पुसून टाकते. वेळ खाल्ला तो या पुसण्याने.

आधी खात्री करून घेतली. गेटपासने (पायथनचं पासवर्ड विचारणारं फंक्शन) पासवर्ड घेतला, डेल केला (पायथनची व्हेरिएबल काढायची आज्ञा), स्क्रिप्ट स्लीपवर ठेवली आणि सुडो लावून जीकोअरने डंप काढला, म्हणजे स्क्रिप्टची मेमरी फाइलमध्ये उतरवली. त्यात ग्रेपने शोधलं तर पासवर्ड जसाच्या तसा हजर! (हे करताना पासवर्ड खोटाच घ्या, नाहीतर ग्रेपच्या आज्ञेबरोबर खरा बॅशच्या हिस्टरीत, टाइप केलेल्या आज्ञांच्या यादीत, जाऊन बसेल.) डेलने फक्त नाव सुटतं. बाइट्स तिथेच पडून राहतात, त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. आणि पायथनची स्ट्रिंग बदलता येत नाही, त्यामुळे तिच्यावर शून्यं लिहायचीही सोय नाही. तिचे बाइट्स करायला एन्कोड केलं की आणखी एक कॉपी.

म्हणून ठरवलं, कॉपी होऊच द्यायची नाही. 256 बाइट्सचा बाइटअ‍ॅरे (हा जागच्या जागी बदलता येतो) आधीच घेतला, टर्मिनलचा एको (टाइप केलेलं स्क्रीनवर दिसणं) बंद केला आणि ओएस मॉड्यूलच्या रीडव्हीने थेट त्यात वाचलं. आकार आधीच ठरवायचा, कारण बाइटअ‍ॅरे वाढला की नव्या जागी हलू शकतो आणि जुनी प्रत मागे राहते. स्लाइस केली तरी कॉपी होते, म्हणून मेमरीव्ह्यू, जो कॉपी न करता तेच बाइट्स दाखवतो. तिथून पाइपने जीपीजीच्या पासफ्रेज-एफडीकडे (पासवर्ड घ्यायच्या पर्यायाकडे), आणि फायनलीमध्ये (शेवटी चालणाऱ्या भागात) शून्यं. आता त्याच डंपात ग्रेपच्या हाती काही लागत नाही.

पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवायचा विचारही केला नाही. ते प्रत्येक चाइल्ड प्रोसेसला वारशात मिळतं.

रॅममधलं डिस्कवरच्या स्वॅपमध्ये जाऊ नये म्हणून सीटाइप्समधून (पायथनमधून सी फंक्शन्स बोलवायची सोय) एमलॉक लावलं, कोअर डंपची (प्रोग्रॅम कोसळल्यावर लिहिल्या जाणाऱ्या मेमरीच्या फाइलची) मर्यादा शून्यावर आणली. रूटपासून (सगळे अधिकार असलेल्या खात्यापासून) यातलं काहीच वाचवत नाही, तो हट्टही नाही.

खरा घोळ गुरुवारचा. दुरुस्तीसाठी वीज जाते, बॅटरी उतरते, लॅपटॉप हायबरनेट होतो आणि अख्खी रॅम डिस्कवर लिहिली जाते. एमलॉक तिथे आडवं येत नाही, त्याच्या मॅनपेजवरच तसं लिहिलंय. स्वॅप लक्सने (लिनक्सच्या डिस्क एन्क्रिप्शनने) एन्क्रिप्ट करायचाय, ते होईलच. पण जास्त उत्सुकता मेमएफडी-सीक्रेटची, म्हणजे कर्नलकडे गुप्त मेमरी मागणाऱ्या सिस्टिम कॉलची आहे: लिनक्स 5.14 मध्ये आलं, 6.5 पासून आपोआप चालू असतं, आणि ते वापरात असेपर्यंत कर्नल हायबरनेट होऊच देत नाही. पायथनमध्ये त्याचं तयार फंक्शन नाही, म्हणून सिस्टिम कॉल क्रमांक 447 थेट सीटाइप्समधून मारून बघतोय.