किती जण समाजकार्यात गेले?

इंजिनिअरिंगच्या मुलांना मी ‘बदलाचं नेतृत्व’ नावाचा कोर्स शिकवते. ‘मॅडम, तुमच्या त्या कोर्समधून आजवर किती जण समाजकार्यात गेले?’ हा प्रश्न मला विभागाच्या बैठकीत विचारतात, पालक विचारतात, मुलाखत घ्यायला आलेले कंपनीवालेही विचारतात. विचारणाऱ्याने निकाल बहुधा आधीच लावलेला असतो. आकडा लहान सांगितला तर कोर्स फुकट गेला, मोठा सांगितला तर पोरांचं करिअर बुडवलं. म्हणून आजवर हसून वेळ मारून नेली. पण तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आकडा माझ्याकडे नाही, कारण मी तो ठेवत नाही. समाजकार्यकर्ते तयार करणं हे माझं काम नव्हे, ते करणाऱ्या संस्था आहेत आणि त्या ते माझ्यापेक्षा चांगलं करतात. माझ्या वर्गातली बरीचशी मुलं सॉफ्टवेअरमध्ये जातात, काही वीज कंपनीत, काही बांधकामात. त्यातला कोणीतरी उद्या ठरवणार की भार वाढला की आधी कुठल्या भागाची वीज घालवायची. कोणीतरी असा फॉर्म बनवणार की ज्यात एक रकाना रिकामा राहिला म्हणून माणसाचा अर्ज पुढेच सरकत नाही. ही मंडळी समाज बदलतच असतात, फक्त तसं त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. मी सांगते. ‘बदलाचं नेतृत्व’ हे नाव अभ्यासक्रम मंजूर करून घेताना दिलं, त्यावर फार जाऊ नका.

पुढचा प्रश्न ठरलेला: मग हे मानव्यशाखेकडे द्या ना, यंत्रं शिकवायच्या तासाला कशाला? यावर मला खरंच राग येतो. एरिन सेक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या चार कॉलेजांतल्या इंजिनिअरिंगच्या मुलांचा पहिल्या वर्षापासून पुढे मागोवा घेतला आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. शिक्षण पुढे सरकतं तशी लोकहिताबद्दलची त्यांची आस्था कमी होत जाते. म्हणजे मुलं येतात तेव्हा बरी असतात, आणि मग आम्ही त्यांना शिकवतो. थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला काय धरायचं आणि काय सोडून द्यायचं याची जी सवय लागते, ती शनिवारच्या दोन तासांच्या ‘मूल्यशिक्षणा’ने सुटत नाही. जिथे लागली तिथेच ती सोडवावी लागते.

पहिल्या आठवड्यात मी बांगलादेशातल्या कूपनलिका घेते. तळ्याडबक्यांचं पाणी पिऊन मुलं जुलाबाने दगावत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून सरकारने युनिसेफच्या मदतीने तिथे कूपनलिकांचा प्रसार केला. हेतू चांगला, पंप साधा, दुरुस्ती गावातल्या गावात. १९९३ मध्ये त्या पाण्यात आर्सेनिक हा विषारी घटक असल्याचं समोर आलं. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने तिथल्या काही विहिरींचं पाणी तपासलं होतं, पण तपासायच्या घटकांच्या यादीत आर्सेनिक नव्हतं. त्यावरून इंग्लंडमध्ये खटला उभा राहिला. २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल दिला की ते पाणी पिणाऱ्या माणसाप्रती त्या संस्थेची तशी कायदेशीर जबाबदारी नव्हती.

दर वर्षी पहिला हात वर होतो तो फिल्टरसाठी. ‘मॅडम, आपण स्वस्तातला फिल्टर डिझाइन करू शकतो.’ करा, मी म्हणते, पण आधी हे बघा. पुढे जवळजवळ ५० लाख कूपनलिकांच्या नळांची तपासणी झाली. लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या वर आर्सेनिक निघालं की नळ लाल रंगवायचा, नाहीतर हिरवा. जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा मात्र १० आहे. म्हणजे ३० मायक्रोग्रॅमचा नळ हिरवा. ५० ही रेघ कोणी मारली, ती १० वर आणली तर किती नळ लाल होतील, आणि तेवढ्या घरांना दुसरं पाणी कोण देणार? मग पुढचा प्रश्न. आपला नळ लाल आणि हिरवा नळ शेजाऱ्याच्या अंगणात असेल, तर तिथून रोज पाणी भरता येईल का, हे कशावर ठरतं? त्या वेळी वर्गात कॅल्क्युलेटर बाजूला ठेवल्याचे आवाज येतात. माझा कोर्स म्हणजे ढोबळमानाने हेच. यात क्रांतिकारक काही नाही.

इथपर्यंत सांगितलं की लोक माना डोलावतात. म्हणून मी सहसा इथेच थांबते आणि इस्पितळाचं सांगत नाही. आज सांगते.

एका सरकारी इस्पितळाच्या ओपीडीत सकाळी प्रचंड रांग लागायची. केसपेपरच्या दोन खिडक्या होत्या आणि लोक उजाडायच्या आधीपासून येऊन बसायचे. माझ्या वर्गातल्या एका गटाने तो प्रकल्प घेतला. गटाची प्रमुख मुलगी हुशार, नीटस आणि जरा हट्टी होती. अधीक्षकांची परवानगी मीच मिळवून दिली. टोकन आणि अ‍ॅपची कल्पना मुलांनी स्वतःहून सोडून दिली, याचा तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. स्टॉपवॉच घेऊन ती खिडक्यांपाशी उभी राहिली.

रांगेचं गणित जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांगने १९०९ मध्ये ते मांडायला सुरुवात केली. त्यातल्या सगळ्यात साध्या मॉडेलमध्ये खिडकीवरचा माणूस ८० टक्के वेळ कामात असेल, तर खिडकीशी सरासरी ४ जण असतात. ९० टक्के झालं की ९ आणि ९५ टक्के झालं की १९. काम शंभर टक्क्यांच्या जवळ गेलं की रांग हाताबाहेर जाते आणि त्यात कोणाचा आळस असायची गरज नसते. मुलांना हे पाठ होतं. लोक इतक्या लवकर का येतात तेही त्यांनी शोधून काढलं. रक्ताचे नमुने सकाळी ठरावीक वेळेपर्यंतच घेत. ती वेळ चुकली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा खेप, म्हणून सगळे एकाच तासात कोसळायचे. नमुने दुपारीही घेतले तर अर्धी रांग आपोआप विरळ होईल, अशी त्यांची मुख्य शिफारस होती. शिफारस बरोबर होती, आजही बरोबर आहे.

पण अहवालाच्या पहिल्या पानावर एक आलेख होता. दोन खिडक्या, दोन स्तंभ, एका माणसाला लागणारा सरासरी वेळ. दुसऱ्या खिडकीचा स्तंभ पहिलीच्या जवळजवळ दुप्पट उंच. त्या खिडकीवर एक मध्यमवयीन बाई बसायच्या, कंत्राटी. मुलांच्या वहीत त्यांच्याबद्दल बरंच टिपलेलं होतं. कुठल्या विभागात जायचं ते सांगता येत नाही अशी म्हातारी माणसं यायची. त्यांना त्या विचारायच्या, ‘आजी, नक्की कुठे दुखतंय? कधीपासून?’ मग केसपेपरवर विभाग लिहायच्या आणि बाहेर हात काढून जिना दाखवायच्या. पलीकडच्या खिडकीवरचा मुलगा झटपट कागद फाडून द्यायचा. त्याच्याकडून गेलेली माणसं चुकीच्या दारात तास घालवून पुन्हा रांगेत येऊन उभी राहायची. हेही मुलांनी मोजलं होतं. त्याचं कोष्टक अहवालात होतं, मागच्या बाजूला, परिशिष्टात.

सादरीकरण झालं. अधीक्षकांनी मुलांचं कौतुक केलं, चहा पाजला, फोटो निघाला. दुपारच्या नमुन्यांसाठी प्रयोगशाळेत दुसरी पाळी लागणार होती, पाळीसाठी पद मंजूर व्हायला हवं होतं, आणि पद मंजूर करणं त्यांच्या हातात नव्हतं. कंत्राटाचं नूतनीकरण न करणं त्यांच्या हातात होतं.

काही आठवड्यांनी ती मुलगी पुढचं मोजमाप घ्यायला गेली तेव्हा दुसऱ्या खिडकीवर वेगळाच चेहरा होता. तिने तिथूनच मला फोन केला. आधी नुसतं ‘मॅडम’ म्हणाली आणि गप्प झाली. मागून रांगेतला गलका ऐकू येत होता. मग म्हणाली, ‘नवीन माणूस फास्ट आहे. रांग तेवढीच आहे.’ मी काहीतरी समजुतीचं बोलले. ती म्हणाली, ‘त्या मला रोज आत बसायला खुर्ची द्यायच्या. म्हणून तर माझा डेटा इतका चांगला आला.’

मी अधीक्षकांना भेटले. त्यांनी अहवाल पुढे केला आणि आलेखावर बोट ठेवलं. ‘तुमच्याच मुलांचं आहे ना हे?’ परिशिष्टाचं पान मी त्यांना उघडून दाखवलं, त्यांनी ते शांतपणे वाचलंही. निर्णय झाला होता. त्या बाईंचा पत्ता मला इस्पितळातून मिळाला नाही. मुलीने तो मिळवला आणि ती जाऊन आली. तिथे काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शेवटचं सेमिस्टर तिने माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून काढलं आणि नंतर एका मोठ्या कंपनीत लागली. तुमच्या हिशोबात ती ‘समाजकार्यात न गेलेली’.

आता तुम्ही म्हणाल, आलेख पहिल्या पानावर का घेतला? मीच शिकवलं होतं म्हणून. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला वेळ नसतो, त्याला एक पान द्या, त्या पानावर एक चित्र द्या. हे वाईट शिकवणं नव्हे. ज्यांचे अहवाल कोणी उघडूनही पाहत नाही अशा मुलांच्या किती तरी पिढ्या मी पाहिल्या आहेत. आलेख खोटाही नव्हता. सरासरी सरासरीच असते. डॉक्टरने दिलेला खरा रिपोर्ट कोणी भांडणात वापरला तर डॉक्टरला दोष देता का? असं मी बऱ्याच जणांना ऐकवलं आहे. बहुतेकदा समोरचा गप्प बसतो. मला मात्र तेवढ्याने बरं वाटत नाही.

त्या काळात माझ्या पहिल्या तासाच्या स्लाइडवर एक ओळ असायची: ‘पुरावा समोर ठेवा, व्यवस्था हलते.’ ती लिहिणाऱ्या बाईशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशीच, मी अजून भांडते. हलते ना व्यवस्था! पण जिथून हलवणं सगळ्यात स्वस्त पडतं तिथून. व्यवस्था कशा चालतात याच्या अभ्यासक डोनेला मेडोज यांनी १९९९ मध्ये व्यवस्थेत हस्तक्षेप करण्याच्या १२ जागांची उतरंड मांडली. त्यात आकडे आणि मापं सगळ्यात खाली आहेत, नियम कोण करतो हे पुष्कळ वर. आम्ही मुलांना ही यादी परीक्षेला विचारत होतो. इस्पितळात मात्र सगळ्यात खालच्या पायरीवरचा आकडा हातात घेऊन सगळ्यात वरच्या माणसाकडे गेलो, आणि त्याने तो सगळ्यात खालच्या माणसावर वापरला. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. पण त्या उदाहरणात एका बाईंची नोकरी गेली, म्हणून मी ते वर्गात सांगत नाही.

ती जुनी बाई उलट मला विचारते, मग काय, मोजायचंच नाही? मोजलं नसतं तर नमुन्यांच्या वेळेचा घोळ कळलाच नसता. गप्प बसणाऱ्यांमुळे कुठल्या कंत्राटी माणसाची नोकरी वाचली आहे? यावर माझ्याकडे उत्तर नाही. इस्पितळात दुपारचे नमुने घेणं नंतर सुरू झालं, वरून आलेल्या वेगळ्याच कुठल्याशा आदेशाने. आमच्या अहवालाचा त्यात काही वाटा होता की नाही हे मला कधीच कळणार नाही. मुलांनी मात्र तो आपल्या बायोडेटात धरला आहे, आणि मी त्यांना अडवलं नाही.

तेव्हापासून कोर्सला एक नियम आहे. अहवालात ज्यांच्या कामाचं मोजमाप आहे, त्यांना मसुदा आधी वाचून दाखवायचा, साहेबाला नंतर. त्यांनी हरकत घेतली तर ती त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात छापायची. यामुळे काही कचेऱ्यांनी आमच्या मुलांना दार बंद केलं. चालेल.

पण गेल्या वर्षी एका मुलाने भर वर्गात मला धरलं. त्याचा गट एका कार्यालयातले रखडलेले अर्ज मोजत होता. मसुदा आधी टेबलावरच्या माणसाला दाखवला, आणि पुढच्या आठवड्यापासून आवक नोंदवहीच बघायला मिळेना. ‘मॅडम, तुमचा नियम खिडकीच्या आतल्या माणसाला वाचवतो. बाहेर उभे आहेत त्यांचं काय? त्यांना कोणी मसुदा वाचून दाखवणार आहे का?’ मी त्याला इस्पितळाचं सांगितलं नाही, सांगायला हवं होतं की नको तेही ठरत नाही. इतकंच म्हटलं की नियम बदलायचा असेल तर मुद्दे लिहून दे. त्याने चार पानं लिहून दिली, भाषा उद्धट आहे पण युक्तिवाद पक्का आहे. यंदाच्या मुलांना नियमांच्या कागदाबरोबर मी ती चार पानंही वाचायला दिली आहेत. कोणत्या गटाने काय करायचं ते त्यांनी स्वतः ठरवायचं आणि कारण लिहायचं. सध्या तीन गट माझ्या बाजूला आहेत, दोन त्याच्या.