हाताची सवय आणि नवं विंडोज

मंगळवार, रात्र

विंडोज १० सोडून ११ वर येऊन आता बरेच दिवस झाले. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे आज ना उद्या हे करावंच लागणार होतं. कामं सगळी होताहेत, कुठे अडलेलं नाही. तरी संध्याकाळी एक वेगळाच थकवा येतो. आज त्याचं कारण नीट लक्षात आलं. डोक्यात काम चालू असतं आणि मध्येच "अरे, ते कुठे गेलं?" असं होतं. शोधायला फार वेळ लागत नाही, पण तेवढ्यात मनातलं वाक्य निसटतं.

राइट क्लिकचंच उदाहरण. पूर्वी रिनेम मेनूत तळाशी असायचं आणि न वाचताच माउस तिथे जायचा. आता कट, कॉपी, रिनेम, डिलीट छोट्या चिन्हांच्या एका ओळीत आलेत. त्यात ही ओळ कर्सरच्या जवळ राहते, म्हणजे मेनू खाली उघडला तर ती वर आणि मेनू वर उघडला तर ती खाली. हेतू चांगला आहे, माउस कमी हलवावा लागतो. पण हात अंतर मोजत नाही, त्याला जागा पाठ असते. प्रत्येक प्रोग्रामने आपापली भर घालून जुना मेनू फार लांबला होता हेही खरं. म्हणून बरंच काही आता 'शो मोअर ऑप्शन्स'च्या मागे आहे. शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुना मेनू थेट उघडतो, हे कळल्यापासून माझी चिडचिड निम्म्यावर आली.

टास्कबारवरची, म्हणजे स्क्रीनच्या तळच्या पट्टीवरची, चिन्हं मात्र पहिल्याच दिवशी सेटिंग्जमधून डावीकडे घेतली. मधोमध ठेवली की प्रोग्राम उघडत जावेत तसं स्टार्टचं बटण सरकतं. कोपरा सरकत नाही, तिथे न बघताही पोचता येतं.

या सगळ्यात मला आधार वाटला तो कीबोर्डचा. एफ टू दाबलं की रिनेम, काल होतं तसंच. एक्सेलमधला एडिट मेनू तर ऑफिस २००७ मध्ये रिबन, म्हणजे वरची बटणांची रुंद पट्टी, आलं तेव्हाच गेला. पण ऑल्ट, मग ई, मग एस दाबलं की पेस्ट स्पेशलची, म्हणजे कॉपी केलेल्यातलं नेमकं काय चिकटवायचं ते विचारणारी, चौकट आजही समोर येते. मेनू नाही, पण त्याच्या कळा जिवंत आहेत. कुणीतरी लोकांच्या बोटांचा विचार करून ते राखलं, याचं मला फार मोल वाटतं. आणि बोलल्याने फरक पडतोच. २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्टचं बटण काढलं, लोकांनी इतकी ओरड केली की पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते परत आलं.

नव्यातलं काही मनापासून आवडलंय. फोल्डरच्या खिडकीत कंट्रोल-टी दाबून नवा टॅब उघडतो. दोन फोल्डरमधून फाइल्स हलवताना खिडक्यांची गर्दी होत नाही. नोटपॅड बंद केलं तरी सेव्ह न केलेला मजकूर पुन्हा उघडल्यावर तसाच सापडतो. हे आधीच हवं होतं.

शेजारच्या टेबलवरच्या मॅडम आज म्हणाल्या, "माझं वय झालं आता, मला नाही जमणार हे." ऐकून वाईट वाटलं. मोठमोठे हिशेब चुटकीसरशी जुळवणाऱ्या बाईंना एक बटण हललं म्हणून स्वतःवरच शंका यावी? उद्या चहाच्या आधी त्यांच्या टास्कबारवरची चिन्हं डावीकडे आणून देते, शिफ्ट आणि एफ टू दाखवते. टॅबचं नंतर बघू, एकदम सगळं नको. ऑल्ट-ई-एस त्यांच्याकडूनच तर मी शिकले.