दर दोन तासांनी कूस

वारीत दिवे घाट चढून सासवडला पोचलो त्या रात्री खरं तर मला मेल्यासारखी झोप लागायला हवी होती. पहाटे पुणं सोडल्यापासून तीसेक किलोमीटर चाल झालेली, पोटऱ्यांचे गोळे झालेले, टाचेला फोड. तंबूत आम्ही चौदा बायका पाठीला पाठ लावून आडव्या झालो होतो. रात्री दोनला मला जाग आली तेव्हा मी गुडघ्यांवर बसले होते आणि दोन्ही हात पुढे केलेले होते. समोर शेजारच्या मावशींची पाठ. क्षणभर उशीर झाला असता, तर मी त्यांना कुशीवर वळवलं असतं.

आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. दर दोन तासांनी कूस बदलावी लागे, नाहीतर माकडहाडाशी, खुब्याशी, टाचेशी कातडीचा रक्तपुरवठा दबतो आणि जखमा होतात. दिवसा मदतीला बाई होती, रात्र माझी. दहा, बारा, दोन, चार. यंदा माघात त्या गेल्या. तेव्हापासून मी एकदाही गजर लावलेला नाही.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. आठवण मेंदूत असते, मांसात नसते, हे वर्गात किती वेळा सांगितलंय. सायकल, पोहणं, विणकाम अशा अंगवळणी पडलेल्या गोष्टी सांभाळण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. स्नायू फक्त हुकूम पाळतात. 1953 साली मेंदूवर शस्त्रक्रिया झालेल्या एका अमेरिकन रुग्णाची गोष्ट मी दरवर्षी सांगते. त्याला नवीन काही लक्षात राहत नसे. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. दर वेळी त्याला वाटे, आपण हे पहिल्यांदाच करतोय. हात मात्र दिवसागणिक सफाईने चालू लागला.

हे शिकवताना मला घरचं उदाहरण कधी सुचलं नाही. आत्यांना स्मृतिभ्रंश होता. शेवटच्या वर्षी मला त्या 'अहो बाई' म्हणत. मुलाचं नावही गेलं होतं. पण मोबाइलवर हरिपाठ लावला की पांघरुणाखाली पाऊल हलायचं, टाळाच्या ठेक्यात. मी त्यावर हात ठेवून बसायचे.

त्यांनी बावीस वाऱ्या केल्या होत्या. त्यांच्याच दिंडीत यंदा मी आले.

वाल्ह्याला फिजिओथेरपी शिकणारी मुलं-मुली रस्त्याकडेला सेवेला बसली होती. एका मुलीने माझ्या पायांना तेल लावलं, मग खांद्याला हात लावला आणि थांबली. "काकू, कुणाला उचलत होतात का?" माझा उजवा खांदा कानाकडे ओढलेला आहे, हे मला माहीतच नव्हतं. तिने समजावलं: जड उचलताना आपण श्वास रोखतो, पोट आणि कंबर आवळतो, खांदे वर घेतो. त्यात 'आता लागेल का, पडतील का' ही भीती असली की मज्जासंस्था स्नायूंना सैल सोडत नाही. रोजचं झालं की तो ताणच नेहमीचा वाटायला लागतो. "श्वास सोडा," ती म्हणाली. मी सोडला, पण अर्धाच सुटला. एका मालिशीत जाईल असं ते नव्हतं, आणि तिनेही तसं म्हटलं नाही, हे मला आवडलं.

नीरेत माउलींच्या पादुकांचं स्नान झालं आणि आम्ही लोणंदला आलो. त्या रात्री मावशींचे पाय भरून आले होते. मी चेपायला बसले. काय करायचं हे ठरवावं लागलं नाही. डावा तळवा टाचेखाली गेला, उजव्या हाताने पोटरी उचलली, पदराची घडी घोट्याखाली सरकली, टाच अधांतरी राहिली. मावशी उठून बसल्या.

"कुणाचं केलंस गं एवढं?"

"आत्यांचं."

त्यानंतर मला बोलता येईना. जबडा घट्ट मिटला होता. मावशींनी घाई केली नाही. आमच्या आत्यांच्या शेजारी त्या कित्येक वर्षं चालल्या होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "तुझी सासू पावली खेळताना डावा पाय आधी टाकायची. पहिल्या वारीला उजव्या टाचेत काटा मोडला होता. काटा निघाला, टाच बरी झाली, पण उजवा पाय काही तिने कधी आधी टाकला नाही. आम्ही सगळ्या एकीकडे, ही एकीकडे."

पांघरुणाखाली हलायचं ते पाऊल डावं होतं. माझा हात त्याच्यावर असायचा, म्हणून मला नक्की आठवतं. मी समजत होते, हरिपाठ ऐकून नुसता ठेका धरतात. त्या तर पावली खेळत होत्या. आपलं नावही विसरलेल्या त्या बाईने टाचेतला तो काटा शेवटपर्यंत चुकवला होता. आता मी रडले, मावशींचा पाय मांडीवर तसाच ठेवून.

दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण झालं. अश्व धावून गेले, त्यांच्या टापांखालची माती लोकांनी कपाळाला लावली. पुढे दिंडीत टाळ वाजू लागले, तसा मावशींनी माझा हात धरला. मी डावा पाय आधी टाकला. रांगेतल्या बाईचा मला धक्का लागला, माझा तिला लागला. मावशी माझ्या पायांकडेच बघत होत्या.

तरडगावच्या मुक्कामात रात्री दोनला पुन्हा जाग आली. गुडघ्यांवर बसले. अंधारात मावशी झोपेतच पुटपुटल्या आणि आपली आपण कूस बदलून माझ्याकडे वळल्या.