अकाउंट्सची मुलाखत: कुठे अडतं, का अडतं

सोलापुरात टॉवेल कारखान्यासाठी अकाउंट असिस्टंट घ्यायचा असला की मुलाखती मी घेतो. येणारी बहुतेक मुलं-मुली नुकती बी.कॉम. झालेली, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा क्लास केलेली. चांगली तयारीची मुलंसुद्धा हातची नोकरी घालवतात तेव्हा वाईट वाटतं, कारण चुका ठरलेल्या आहेत आणि त्या टाळता येतात.

सगळ्यात महागात पडते बायोडेटातली एक ओळ, ‘जीएसटी रिटर्न फायलिंग’. ती दिसली की पुढचे सगळे प्रश्न तिच्यावरच. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, कधीपर्यंत? पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत. ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न? २० तारखेपर्यंत. इथवर पाठांतर चालतं. मग मी विचारतो, खरेदीचं बिल हातात आहे, पण २बीमध्ये, म्हणजे पोर्टलवर येणाऱ्या आपल्या खरेदीच्या यादीत, दिसत नाही, काय कराल? काम केलेला लगेच सांगतो: या महिन्यात त्याचं क्रेडिट घेता येणार नाही, म्हणजे त्यावर दिलेला कर आपल्या करातून वजा करता येणार नाही; माल विकणाऱ्या पार्टीला फोन करून तिच्या जीएसटीआर-१ मध्ये बिल टाकायला लावायचं. न केलेला गप्प होतो, आणि मग त्याच्या बाकीच्या ओळींवरचा विश्वासही उडतो. सीएच्या ऑफिसात फक्त एन्ट्र्या केल्या असतील तर तेवढंच लिहा: ‘खरेदी-विक्रीची बिलं टॅलीत टाकणे, २बीशी जुळवणे’. नवीन मुलासाठी ही ओळ पुरेशी आहे. आम्हाला पहिली दोन वर्षं तेच काम हवं असतं.

त्यानंतर लॅपटॉपवर टॅलीचं प्रॅक्टिकल. पहिला व्यवहार अगदी साधा असतो: बँकेतून १०,००० रुपये रोख काढले. निम्मी मुलं एफ५ दाबून पेमेंटमध्ये टाकतात. पैसा बँकेतून आपल्याच गल्ल्यात आला, बाहेर कुणाला दिला नाही, म्हणून ती एफ४ची काँट्रा एन्ट्री. घाईत आणखी एक गोष्ट राहते, तारीख. एफ२ दाबून ती बदलली नाही तर पुढच्या सगळ्या एन्ट्र्या चुकीच्या तारखेला पडतात.

खरी परीक्षा दुसऱ्या बिलात असते. विजयपूरच्या रजिस्टर्ड पार्टीकडून आपल्या कारखान्यात माल आला, टॅक्स कोणता? विजयपूर सोलापूरकरांना पुण्यापेक्षा कितीतरी जवळचं, त्यामुळे मुलं सवयीने राज्यातल्या व्यवहाराचा सीजीएसटी-एसजीएसटी लावतात. पण विजयपूर कर्नाटकात, म्हणून दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा आयजीएसटी. अंतर बघू नका, जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघा: २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ३६ तेलंगणा. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांचा व्यवहार या तिन्ही राज्यांशी असतो, तेव्हा हे आकडे तोंडपाठच हवेत. आणि चूक लक्षात आली तर तिथेच बोला, ‘सर, इथे चुकलं, दुरुस्त करतो’. मी त्याचे मार्क कापत नाही. चूक झाकणाऱ्याला मात्र घेत नाही, कारण तीच सवय पुढे मार्चअखेरीला ताळेबंदात निघते.

घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारी कितीतरी मुलं ते बायोडेटात लिहीतच नाहीत. जरूर लिहा. हैदराबादच्या पार्टीकडून थकलेली रक्कम फोनवर मागायची असते तेव्हा तिच्या भाषेत बोलणारा माणूस लागतो. इंग्रजी अडखळत असेल तर मराठीत उत्तर द्या, फक्त ‘लेजर’ (खातं), ‘आउटस्टँडिंग’ (थकबाकी) असे कामाचे शब्द नेमके वापरा.

जुनी नोकरी का सोडली, हा प्रश्न येणारच. जुन्या मालकाची उणीदुणी काढू नका. चाटी गल्लीच्या कापडबाजारापासून एमआयडीसीपर्यंत मालक मंडळी एकमेकांना ओळखतात. ‘तिथे फक्त कॅशचं काम होतं, मला जीएसटीचं शिकायचंय’ एवढं पुरतं.

पत्ता आदल्या दिवशीच फोन करून नक्की करा. ‘एमआयडीसीत या’ म्हटलं की काही जण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पोचतात आणि कंपनी असते चिंचोळीच्या एमआयडीसीत, शहराबाहेर पुणे रस्त्यावर. मग मुलाखतीची वेळ रिक्षा शोधण्यात जाते.

पगाराचं बोलताना ‘हातात किती येणार?’ हे स्पष्ट विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. समजा १८,००० रुपये सांगितले आणि त्यात बेसिक १२,००० आहे. पीएफ (भविष्य निर्वाह निधी) बेसिकच्या १२ टक्क्यांनी १,४४० कापला जाईल, ईएसआय (कामगार विमा) पूर्ण पगाराच्या ०.७५ टक्क्यांनी १३५, आणि पुरुषांचा व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात राहतात १६,२२५. महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. हे गणित घरून करून आलेला मुलगा समोर बसला की मलाही बरं वाटतं, अकाउंट्सच्या माणसाला स्वतःचा पगार मांडता यायलाच हवा.

मार्कशीटच्या झेरॉक्सचे दोन संच आणा. ओरिजिनल दाखवा आणि परत पिशवीत ठेवा. ती ठेवून घेऊ म्हणणाऱ्याकडे किंवा ‘डिपॉझिट’ मागणाऱ्याकडे थांबू नका, नोकरी कितीही गरजेची असली तरी.