सुखरूप म्हणजे किती?

पुण्याला गेले की कुणीतरी विचारतंच, "वंशभेद मोजता म्हणजे नेमकं काय करता गं? ती काय रक्तातली साखर आहे?" अमेरिकेतल्या एका इस्पितळात मी रुग्णांच्या अनुभवांची आकडेवारी बघते. विचारलंत म्हणून सांगते.

मरण मोजणं सोपं. 2023 साली अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे 50.3 कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या 14.5. पैसा, शिक्षण असलं की सुटका, असंही नाही. टेनिसपटू सेरेना विल्यम्सला 2017 मध्ये सिझेरियननंतर धाप लागली. गुठळ्यांचा त्रास तिला आधीपासूनचा. तिने स्वतःच सीटी स्कॅन आणि रक्त पातळ करायचं औषध मागितलं. नर्सला वाटलं, वेदनाशामकांमुळे बाई गोंधळली आहे. शेवटी स्कॅन केला, तर फुप्फुसात गुठळ्या निघाल्याच.

पण सेरेना त्या आकड्यात नाही. ती वाचली. आपण तरी फोनवर काय विचारतो? "बाळ-बाळंतीण सुखरूप ना?" इस्पितळाचा समाधानाचा फॉर्मही तेवढंच विचारतो, जरा सजवून. बाळ कुशीत आलेली बाई 'उत्तम'वर खूण करते आणि घरी जाते. मी वर्षानुवर्षं त्या खुणांचे टक्के काढून खूश व्हायचे.

डॉ. कॅरेन स्कॉट या कृष्णवर्णीय प्रसूतितज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतपणात इस्पितळात वाट्याला येणारा वंशभेद मोजायला वेगळी मोजपट्टी केली. नाव 'प्रेम-ओबी' (हो, प्रेमच, इंग्रजी आद्याक्षरांची गंमत). प्रश्न कृष्णवर्णीय आयांना सोबत घेऊनच घडवले आणि 2020 मध्ये इस्पितळात बाळंत झालेल्यांकडून भरून घेऊन पारखले. पट्ट्या तीन: माणुसकी, वंशभेद आणि नातं. तिसरी मला फार आवडते. सोबत आलेली आई, नवरा, मैत्रीण यांना इस्पितळाने आधार मानलं की अडगळ?

"पण हे तिचं वाटणंच ना?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. वाटणंच. दुखतं किती, हेही आपण तिलाच विचारतो आणि त्यावर औषध देतो. एखादीचा गैरसमज होईल. एकाच वॉर्डातल्या शंभरजणींची उत्तरं एकीकडे झुकली, तर तपासायचा तो वॉर्ड. गुण बाईला नसतातच, इस्पितळाला असतात.

मावशीने हे सगळं ऐकून घेतलं. तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. म्हणाली, "आणि तो कागद भरताना नर्स शेजारीच उभी असते का गं?"

आमच्या जुन्या फॉर्मच्या वेळी असायची.