बत्तीस नंबर बंद

पुण्यात बसून कोस्टा रिकाच्या सहली आखायच्या म्हणजे झोपेचं वेळापत्रक त्यांच्या हवाली करायचं. साडेअकरा तासांचा फरक. तिकडची सकाळ ती आपली रात्र. जुलैतल्या त्या रात्री पावणेदहाला मी ओटा पुसत होते, तेव्हा आमच्या अलाहुएलाच्या ड्रायव्हरचा व्हॉइस मेसेज आला. माझं स्पॅनिश कामापुरतं, पण त्यातले दोन शब्द कळले आणि तेवढे पुरले : "त्रेइंता इ दोस" आणि "देरुंबे". बत्तीस नंबरच्या रस्त्यावर दरड.

सान होसेहून कॅरिबियन किनाऱ्याकडे जाणारा हा मुख्य रस्ता. लिमोन बंदराचा बहुतेक माल याच वाटेने राजधानीकडे चढतो. ब्राउलियो कारियोच्या जंगलात डोंगर कापून तो काढलाय आणि पावसाळ्यात तो डोंगर आपली जागा परत मागतो. जुलैत वरंधा घाट पाहिलेल्यांना जास्त सांगायला नको. माझी पाच माणसं त्या दरडीच्या पलीकडच्या अंगाला होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वाला त्यांचं सान होसेहून नेवार्कचं विमान होतं.

पाच माणसं म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले काका, काकू, न्यू जर्सीतला मुलगा, सून आणि तेरा वर्षांची नात. सहलीचा बेत मुलाचा. आदल्या ऑक्टोबरात त्याने मला एक एक्सेल पाठवलं होतं. आठ दिवस आणि त्यात आरेनाल ज्वालामुखी, मोंतेवेर्दे, मानुएल आंतोनियो, कोर्कोवादो, तोर्तुगेरो. प्रत्येक रकान्यापुढे किलोमीटर. देश केवढा, तर ५१,१०० चौरस किलोमीटर. म्हणजे महाराष्ट्राचा सहावा हिस्सा. "ताई, एवढ्याशा देशात काय लागतंय?"

सगळे इथेच फसतात. आरेनाल ते मोंतेवेर्दे नकाशावर बोटभर अंतर, पण मध्ये तळं आणि डोंगर. तळ्याला वळसा घालून गाडीने साडेतीन-चार तास सहज जातात, म्हणून लोक गाडी, होडी आणि पुन्हा गाडी असं जातात. मानुएल आंतोनियोचं उद्यान मंगळवारी बंद असतं आणि त्याने नेमका मंगळवार धरला होता. कोर्कोवादोत २०१४ पासून परवानाधारक वाटाड्याशिवाय पाऊल टाकता येत नाही आणि तिथे जाऊन-येऊनच तीन दिवस मोडतात. मी दोन्ही ठिकाणं कापली. त्याला ते लागलं.

त्याहून मोठी गोम पासपोर्टात निघाली. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू, अनेक-प्रवेशी व्हिसा छापलेला असेल तर कोस्टा रिकाचा वेगळा व्हिसा लागत नाही. काका-काकूंचा दहा वर्षांचा होता. मुलाच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाचा स्टॅम्प मात्र संपलेला. "माझ्याकडे आय-७९७ आहे की! मेक्सिकोला तसाच जाऊन आलो." आय-७९७ म्हणजे अमेरिकेतल्या मुक्कामाच्या मंजुरीचं पत्र. मेक्सिको-कॅनडाच्या छोट्या फेरीहून अमेरिकेत परतायला ती सवलत आहे, कोस्टा रिकाहून नाही. तिथे शिरायचीच पंचाईत, आणि शिरलाच तर अमेरिकेत परतायचं कसं? नशिबाने जानेवारीत तो घरी येणारच होता, तेव्हा मुंबईला नवा स्टॅम्प करून घेतला.

मग उरलं शेवटच्या दिवसाचं भांडण. त्याच्या बेतात शेवटची रात्र तोर्तुगेरोला होती. तिथे रस्ताच जात नाही. कालव्यांतून होडीने ला पावोनाच्या धक्क्यावर यायचं आणि तिथून गाडी धरायची. पहाटे सहाची होडी, सव्वासातला धक्का, तीन तासांत विमानतळ, असा त्याचा हिशेब. मी म्हटलं, एक दिवस आधी निघा आणि शेवटची रात्र अलाहुएलाला काढा, विमानतळ तिथून हाकेच्या अंतरावर आहे. "तिथे बघायला काय आहे?" काही नाही, म्हटलं, तो राखीव दिवस. रिकाम्या दिवसाचे पैसे मोजायची त्याची तयारी नव्हती. शेवटी काका बोलले, "मॅडम म्हणतात तर ठेव. बँकेत आम्हीही थोडी रोकड पडूच देत होतो." मुलाने एक्सेलमध्ये त्या रकान्यात इंग्रजीत 'वेस्ट', म्हणजे वाया, असं लिहून मला परत पाठवलं.

तर आता तोच दिवस चालू होता. तिकडे सव्वादहा वाजले होते आणि होडी नुकतीच ला पावोनाला लागली होती.

मी नकाशा उघडला. दोन वाटा. खालून सिकिरेस, तुरियाल्बा, कार्तागो. किंवा वरून सरापिकीकडे जाऊन वारा ब्लांकाच्या घाटाने थेट अलाहुएलात. मला तुरियाल्बाची वाट बरी वाटली, जुनी आणि माहितीतली. वारा ब्लांकाचा रस्ता अरुंद, धुक्यातला, आणि २००९ च्या जानेवारीतल्या भूकंपात त्याच बाजूचं सिंचोना गाव होत्याचं नव्हतं झालेलं. मी तुरियाल्बा लिहून पाठवलं.

ड्रायव्हरने लगेच फोन केला. नेहमीचं "पुरा विदा" नाही की काही नाही. "सेन्योरा, कामियोनेस." ट्रक. लिमोनहून निघालेला प्रत्येक कंटेनर आता तुरियाल्बाच्याच घाटात शिरणार होता. सह्याद्रीत चौदा वर्षं माणसं फिरवूनही मला हे सुचलं नव्हतं, कारण मी नकाशा बघत होते आणि तो रस्ता बघत होता. म्हटलं, तू सांगशील तसं.

मग वाट बघणं. रात्री साडेअकराला ते ग्वापिलेसच्या जवळ अडकले. बारा वाजता काकूंचा फोन. मला वाटलं वैतागल्या असतील. त्या मात्र आदल्या रात्रीची गोष्ट सांगायला बसल्या. तोर्तुगेरोला जुलैपासून हिरवी कासवं अंडी घालायला येतात. अंधारात, वाटाड्यामागून, टॉर्च नाही की मोबाइल नाही. "अगं, आधी नुसता आवाज. कुणीतरी फावड्याने वाळू फेकतंय असा. मग वाटाड्याने लाल दिवा धरला, तर एवढी मोठी! नात म्हणाली, आजी, ही दमलीय. मधेच थांबायची, श्वास सोडायची, अगदी माणसासारखा." वेळासला मी कासवांची पिल्लं शेकड्यांनी समुद्राकडे जाताना पाहिली आहेत, आई एकदाही नाही. मी गॅलरीत उभी राहून ऐकत होते. मागे मुलगा कुणाला तरी विचारत होता, किती वेळ, अजून किती वेळ.

जेवायला ते सरापिकीजवळ एका 'सोदा'त थांबले. तिकडे साध्या खानावळीला सोदा म्हणतात. काकांना हा शब्द इतका आवडला की दिसेल त्या खानावळीचा फोटो 'आणखी एक सोदा' म्हणून यायचा. काकू शाकाहारी. 'सिन कार्ने' सांगितलं तर पुढ्यात चिकन येतं, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी गोमांस. म्हणून मी स्पॅनिशमध्ये चिठ्ठीच लिहून दिली होती : चिकन नको, मासे नकोत, भात, काळा घेवडा आणि तळलेली केळी चालतील. सकाळच्या गायो पिंतोला त्या पहिल्या दिवसापासून 'शिळ्या भाताची फोडणी' म्हणत. ते खरंही आहे, फक्त त्यात घेवडा असतो.

दोननंतर मोबाइलची रेंज गेली. घाट सुरू झाला असणार. मी सोफ्यावर पडले, डोळा लागला नाही. साडेतीनला सुनेचा एकच मेसेज : धुकं, पुढचं काही दिसत नाही, आईंना उलटी झाली, आले घातलेल्या गोळ्या दिल्या. मग पुन्हा शांतता.

सकाळी सहाला फोटो आला. अलाहुएलाच्या हॉटेलची पायरी, चिखलाने माखलेले पाच जोडी बूट आणि बाजूला ड्रायव्हर अंगठा वर करून. तिकडे संध्याकाळचे साडेसहा. तीन तासांच्या रस्त्याला आठ तास लागले होते.

दुसऱ्या दिवशी विमानतळावरून मुलाचा फोन आला. बत्तीस नंबर पहाटेच सुरू झाला होता. "म्हणजे ताई, माझ्या बेताने आज सकाळी निघालो असतो तरी पोचलोच असतो." सहाची होडी, सव्वासातला धक्का, तीन तास. हिशेबाने खरंच पोचले असते. मी वाद घातला नाही. मागून काका म्हणाले ते ऐकू आलं, "अरे, पण काल रात्री झोपलास कसा, ते सांग की त्यांना."

पुढच्या महिन्यात ठाण्याच्या एका कुटुंबाचा बेत आखला. शेवटचा दिवस तसाच ठेवला, फक्त राखीव हा शब्द काढून 'अलाहुएला : पोआस ज्वालामुखीच्या उतारावर कॉफीचा मळा' असं लिहिलं. त्या दिवसाच्या पैशांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.