स्पूनमधून किचनमध्ये: रात्रीचे एक काम कमांड लाइनवर आणताना

रोजच्या व्यवहारांच्या फाइली वाचायच्या, त्यांतल्या तारखा आणि रकमा एका साच्यात आणायच्या, दुबार नोंदी गाळायच्या आणि उरलेल्या नोंदी डेटाबेसमध्ये भरायच्या, एवढेच काम होते. ते मी पेंटाहो डेटा इंटिग्रेशन या डेटा गोळा करून साच्यात आणणाऱ्या प्रणालीतल्या स्पून या चित्ररूप साधनात बसवले होते आणि रोज सकाळी आल्याआल्या बटण दाबून चालवत होतो. मी रजेवर असलो की काम अडायचे, म्हणून ते सर्व्हरवर रात्री दोन वाजता आपोआप चालावे, असे ठरले. दुपारभरात हे उरकेल, असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात तीन आठवडे गेले, आणि त्यातला बहुतेक वेळ स्पून मला न सांगता काय काय पुरवत होते, हे एकेक करून शोधण्यात गेला.

या प्रणालीचे मूळ नाव केटल. मॅट कास्टर्स यांनी ते लिहिले, २००५ मध्ये ते मुक्त स्रोत झाले आणि २००६ मध्ये पेंटाहोत आले. किटलीच्या जोडीला बाकीची नावेही स्वयंपाकघरातलीच आहेत: ट्रान्सफॉर्मेशन (डेटावरच्या पायऱ्यांची एक मांडणी), म्हणजे केटीआर फाइल, चालवायला पॅन, आणि अशी अनेक ट्रान्सफॉर्मेशन्स क्रमाने चालवणारा जॉब, म्हणजे केजेबी फाइल, चालवायला किचन. माझे काम जॉबचे असल्यामुळे मला किचन हवे होते. पहिला अडथळा अगदीच बाळबोध निघाला. विंडोजवर कमांडला जोडायच्या पर्यायाच्या आधी तिरकी रेघ आणि नंतर अपूर्णविराम देतात, लिनक्सवर आधी आडवी रेघ आणि नंतर बरोबरचे चिन्ह. मी दोन्हींची खिचडी केली होती. ती निस्तरल्यावर ‘-फाइल=’, ‘-लेव्हल=’ आणि ‘-लॉगफाइल=’ एवढ्या तीन पर्यायांवर जॉब टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टंकून देण्याच्या खिडकीतून, चालू लागला.

लेव्हल म्हणजे लॉगमध्ये, म्हणजे काम चालताना होणाऱ्या नोंदींत, किती बारकाईने लिहायचे त्याची पायरी. नथिंग, एरर, मिनिमल, बेसिक, डिटेल्ड, डीबग आणि रोलेव्हल अशा सात पायऱ्या आहेत. सुरुवातीला जास्त माहिती बरी म्हणून मी रोलेव्हल दिली. त्या पायरीवर प्रत्येक ओळीचा प्रवास टप्प्याटप्प्याने लिहिला जातो, त्यामुळे लॉगची फाइल मूळ डेटाच्या कितीतरी पट मोठी झाली आणि जॉबही रखडत चालला. रोजच्यासाठी बेसिक पुरते, आणि काही बिघडले तर त्या एका वेळेपुरते डिटेल्ड करावे, असे माझे आता मत आहे.

खरी फजिती पॅरामीटरने केली. कोणत्या दिवसाची फाइल घ्यायची हे ठरवणारा ‘रन_डेट’ नावाचा पॅरामीटर मी जॉबच्या गुणधर्मांत नोंदवलेला होता, आणि चाचणीच्या वेळी त्याला १ जानेवारी ही पूर्वनिर्धारित किंमत देऊन ठेवली होती. स्पूनमध्ये जॉब चालवताना समोर येणाऱ्या चौकटीत मी रोजची तारीख टाकत असे, त्यामुळे ती किंमत मी केव्हाच विसरून गेलो होतो. कमांड लिहिताना मात्र मी ‘-पॅरम:रनडेट=’ असे टंकले; मधली अधोरेषा राहिली. किचनने तक्रार केली नाही, कारण जॉबमध्ये न नोंदवलेल्या नावाची किंमत आली तर ती सोडून दिली जाते. खऱ्या पॅरामीटरला किंमतच मिळाली नाही, तेव्हा त्याने पूर्वनिर्धारित तारीख घेतली. जॉब सुरळीत चालला, लॉगमध्ये एकही चूक नव्हती, काम संपताना मिळणारा निकालाचा आकडा, म्हणजे एक्झिट कोड, शून्य आला, आणि आदल्या दिवसाच्या जागी १ जानेवारीची फाइल पुन्हा एकदा भरली गेली. असे सलग चार दिवस चालले. पाचव्या दिवशी अहवाल पाहणाऱ्या सहकाऱ्याने विचारले, “चार दिवस व्यवहारच झाले नाहीत का?” तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले.

यावर ‘-लिस्टपॅरम’ हा पर्याय उपयोगी पडला. ‘-फाइल’सोबत तो दिला की जॉबमध्ये नोंदवलेले पॅरामीटर, त्यांच्या पूर्वनिर्धारित किमती आणि वर्णने पडद्यावर येतात. कमांड आणि ही यादी शेजारीशेजारी ठेवताच अधोरेषेचा फरक लगेच डोळ्यांत भरला. पण एवढ्यावर माझे समाधान झाले नाही, कारण पुढच्या वेळी असेच टंकले तर पुन्हा हेच होणार. म्हणून मी पूर्वनिर्धारित किंमत पुसून टाकली आणि जॉबच्या सुरुवातीलाच ‘रन_डेट’ रिकामा आहे का ते तपासणारी एक पायरी घातली. रिकामा असेल तर तिथूनच ‘ॲबॉर्ट जॉब’कडे जायचे. चुकीची तारीख मुकाट्याने भरण्यापेक्षा काम आरडाओरडा करून थांबलेले परवडते.

त्यानंतर क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी लिनक्सची सोय. टर्मिनलमध्ये जी कमांड बिनचूक चालत होती, तीच क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या यादीत, टाकल्यावर अर्ध्यातच तुटत होती. कालची तारीख काढण्यासाठी मी ‘डेट’ कमांडला टक्के चिन्हे असलेला नमुना दिला होता. क्रॉनटॅबमध्ये मात्र सुट्या टक्के चिन्हाचा अर्थ वेगळा आहे: तिथे कमांड संपते आणि उरलेला मजकूर त्या कमांडला इनपुट म्हणून दिला जातो. प्रत्येक टक्के चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ दिली तरी चालते. मी मात्र सगळी जुळवाजुळव एका शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांड ओळीने लिहिलेल्या फाइलमध्ये, नेली आणि क्रॉनटॅबमध्ये फक्त त्या स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता ठेवला. तारखेचा हिशेब, लॉगचे नाव, किचनची कमांड हे सारे एकत्र डोळ्यांसमोर राहते, हा त्याचा मोठा फायदा.

तरीही पहिल्याच रात्री डेटाबेसशी जोडणी झाली नाही. लॉग उघडून पाहिला तर जोडणीच्या पत्त्याच्या जागी सर्व्हरचे नाव नव्हतेच. डॉलर चिन्ह आणि महिरपी कंसातले ‘डीबी_होस्ट’ हे चलाचे (किंमत साठवणाऱ्या नावाचे) नाव जसेच्या तसे उमटले होते, आणि असा होस्ट (सर्व्हर) सापडत नाही, असे खाली लिहिले होते. किंमत न सापडलेले चल केटल बदलत नाही, तसेच ठेवते. ही चले मी ‘केटल.प्रॉपर्टीज’ या फाइलमध्ये लिहिली होती, आणि ती फाइल वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधल्या ‘.केटल’ या लपलेल्या फोल्डरात असते. मी माझ्या नावाने चालवत होतो तेव्हा माझी फाइल वाचली जात होती. क्रॉन दुसऱ्या खात्यावरून चालत होते, आणि त्या खात्यासाठी केटलने स्वतःच एक नवी, कोरी फाइल तयार करून ठेवली होती. स्क्रिप्टमध्ये ‘केटल_होम’ हे पर्यावरण चल (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारी किंमत) ठरावीक फोल्डरकडे वळवल्यावर कोणत्याही खात्यावरून एकच फाइल वाचली जाऊ लागली. मेमरीची मर्यादाही किचनच्या पर्यायांत मिळत नाही. ती ‘पेंटाहो_डीआय_जावा_ऑप्शन्स’ या पर्यावरण चलातून वाढवावी लागते.

शेवटची दुरुस्ती एक्झिट कोडची. काम बिनचूक झाले की किचन शून्य परत करते, प्रक्रियेत चुका झाल्या तर एक, जॉब भरताना किंवा चालवताना अनपेक्षित बिघाड झाला तर दोन, आणि जॉबची फाइलच वाचता आली नाही तर सात. शून्य सोडून काहीही आले की मला मेल यावा, अशी व्यवस्था मी केली होती. पण जॉब पडूनही मेल येईना. कारण पडद्यावर आणि फाइलमध्ये एकाच वेळी दिसावे म्हणून मी किचनचे आउटपुट पाइपमधून, म्हणजे एका कमांडचे आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीतून, ‘टी’ कमांडकडे पाठवत होतो, आणि स्क्रिप्ट चालवणारे बॅश पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा कोड धरते. ‘टी’चे काम नेहमीच यशस्वी होत होते! स्क्रिप्टच्या आरंभी बॅशचा ‘पाइपफेल’ हा पर्याय चालू केल्यावर किचनचा खरा कोड हाती आला. त्याच वेळी ‘एफलॉक’ हे कुलूपही लावले, म्हणजे एक फेरी लांबली तर दुसरी तिच्यावर चढत नाही.

मागच्या महिन्यात एका दिवसाची फाइल उशिरा पोचली आणि त्या रात्रीचा जॉब फाइल नाही म्हणून पडला. सकाळी मेल पाहिला, स्क्रिप्टला त्या दिवसाची तारीख देऊन ती पुन्हा चालवली आणि कोड तपासला. तो शून्य होता. तरी मी टेबल उघडून त्या तारखेच्या नोंदी मोजल्याच.